पावसाळ्यापूर्वी काचेचे रबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 1998 ची हार्डटॉप मारुती जिप्सी किंग आहे. गाडी चिपळूणला अंगणात उघड्यावर उभी असते. गेल्या पावसाळ्यात चालकाच्या पायाशी पाणी साचू लागले आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब ओघळताना दिसले. गॅरेजवाल्याने रबराच्या कडेने सिलिकॉन भरून दिले, पण काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता काचेचे रबरच बदलावे म्हणतो. हे काम घरी करता येईल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काम घरी होण्याजोगे आहे, जोडीला एक माणूस आणि हाताशी मोकळा दिवस मात्र हवा. तथापि रबर विकत आणण्याआधी पाणी नेमके कोठून येते हे शोधणे आवश्यक आहे, कारण पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत शिरते असे नाही. डिसेंबर 1985 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या जिप्सीपासून 1996 नंतरच्या 1300 सीसीच्या किंगपर्यंत या गाडीचा सांगाडा फारसा बदललेला नाही आणि तिच्या पाणी गळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. छताच्या कडेच्या पन्हळीतील सांध्यात पाणी अडवण्यासाठी भरलेला जुना मसाला (सीलंट) तडकतो. त्या पन्हळीला कॅरिअरचे क्लॅम्प आवळले असतील तर तो हमखास तडकतो. वायपरच्या दांडीभोवतीचे रबर कडक होते. इंजिनाच्या बाजूने वायरिंग आणि केबल जेथून आत येतात, तेथील रबरी बुचे आक्रसतात. यांपैकी कोणत्याही वाटेने आलेले पाणी डॅशबोर्डामागून उतरून चालकाच्या पायाशीच साचते आणि दोष मात्र काचेच्या रबरावर येतो.

म्हणून प्रथम पायांखालचे मॅटिंग पूर्ण काढून पत्रा कोरडा करावा. एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने मंद धारेचे पाणी सोडावे. सुरुवात बॉनेटच्या मागील जाळीपासून करावी, तेथे तीन-चार मिनिटे थांबावे, मग काचेची खालची कड, नंतर बाजू आणि सर्वांत शेवटी छताची पन्हळ असे खालून वर सरकावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार फवाऱ्याने ही परीक्षा करू नये. त्या दाबाखाली चांगल्या रबरातूनही पाणी आत जाईल.

आपण लिहिलेल्या लक्षणांवरून पुढच्या काचेचे रबर दोषी असण्याची शक्यता मोठी आहे. या रबराच्या छेदाकडे पाहिले तर त्याला एकमेकांना पाठ लावलेल्या दोन खाचा दिसतात. एका खाचेत काच बसते, दुसरी खाच गाडीच्या पत्र्याच्या कडेवर चढते. गोंद वा स्क्रू यांपैकी काहीही नसते; केवळ रबराच्या लवचिकपणावर सारा भार असतो. उन्हाने आणि हवेतील ओझोनने रबर कडक झाले, की त्याची बाहेरची ओठासारखी कड काचेपासून किंचित सुटते आणि पाणी आत शिरते. शिरलेले पाणी खालच्या कोपऱ्यांत, पत्र्याच्या कडेवर, साचून राहते. तेथे गंज धरतो, गंजाने पत्रा फुगतो, फुगलेला पत्रा रबराला आणखी उचलतो आणि गळती वाढते. चिपळूणसारख्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावी ही साखळी फार वेगाने पुढे जाते.

गॅरेजवाल्याने भरलेल्या सिलिकॉनबद्दल दोन शब्द कठोरपणे लिहिणे भाग आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना अॅसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते उघड्या पत्र्याला गंज आणते. शिवाय हा थर बाहेरून पाण्याची वाट अडवतो, पण आधीच आत गेलेले पाणी सुकण्याची वाटही बंद करतो. न्हाणीघराच्या फरशीला जे चालते ते गाडीच्या काचेला चालत नाही. जेथे मसाला भरणे खरोखर गरजेचे आहे, तेथे कधीही पूर्ण न सुकणारा, चिकट राहणारा ब्युटाइल जातीचा मसाला वापरावा.

आता प्रत्यक्ष काम. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ते उरकावे, म्हणजे रंग वाळायला ऊन मिळेल आणि वळवाच्या सरींपूर्वी परीक्षाही होईल. वायपरचे हात आणि आतला आरसा काढून घ्यावा. जुने रबर टाकूनच द्यायचे असल्याने ते वाचवण्याच्या फंदात पडू नये. बाहेरची कड धारदार ब्लेडने काचेच्या लगत सबंध कापून काढावी, म्हणजे आतून हलक्या हाताने लोटताच काच सुटते. स्क्रू ड्रायव्हरने कोपरा उचकटणे हा काच फोडण्याचा राजमार्ग आहे. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये पारदर्शक पडदा घालून चिकटवलेल्या दोन काचांची असते. ती चुरा होऊन पडत नाही, परंतु कडेला बारीकसा टवका उडाला तरी तेथून तडा सरकत जातो. काढलेली काच घोंगडीवर उभी टेकून ठेवावी आणि तिच्या कडेवरचा जुना मसाला निगुतीने साफ करावा.

काच निघाल्यावर जे दिसेल त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. पत्र्याच्या कडेवर, विशेषतः खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, रंगाचे फोड आले असतील तर ते खरवडावेत आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून पाहावे. टोक आत गेले तर पत्रा सडला आहे. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. पत्र्याचे काम करणारे पुष्कळ डेंटर येथे लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत कड करून देतात. कृपया तसे करू देऊ नये. लांबीखाली गंज चालूच राहतो आणि रबराच्या ताणाने लांबीचा पोपडा सुटतो. केवळ वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश आणि सँडपेपर मारून पत्रा चकचकीत करावा, त्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि मग रंग द्यावा. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्यावे. या ठिकाणी घाई केल्यास नवे रबर ओल्या रंगाला चिकटते आणि सारे मुसळ केरात जाते.

नवे रबर प्रथम काचेवर चढवावे. ते उन्हात अर्धा तास ठेवले तर मऊ होऊन कोपऱ्यांवर नीट बसते. मग पत्र्यावर चढणाऱ्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सभोवार दडपून बसवावी आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यभागी एकमेकांवरून थोडी पुढे काढून गाडीच्या आत लोंबती ठेवावीत. पत्र्याच्या कडेला आणि खाचेला साबणाचे पाणी भरपूर लावावे. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल किंवा व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नये, कारण गाड्यांसाठी आज बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे ईपीडीएम जातीचे रबर ऊन-पावसाला टिकाऊ असले तरी खनिज तेलाने फुगते आणि सैल पडते. काच बाहेरून खिडकीच्या मापात टेकवावी. बाहेरच्या माणसाने दोन्ही तळव्यांनी काच आत दाबून धरावी आणि आतल्याने दोरीचे एक टोक काचेला समांतर, मध्याच्या दिशेने, सावकाश ओढत न्यावे. दोरी निघते तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून आत येते. ते होताना लहानसा ‘टप’ असा आवाज येतो आणि बोटालाही ते जाणवते. बाहेरचा दाब दोरीच्या जागेबरोबर सरकत राहिला पाहिजे. दोरी अडली तर झटका न देता पुन्हा साबणपाणी सोडावे. कोपऱ्यावर काच बसत नाही म्हणून मुठीने ठोकल्याने किती काचा गेल्या असतील याची गणती नाही. काही रबरांना बाहेरच्या बाजूने तिसरी बारीक खाच असते व तीत वेगळी पट्टी दाबून बसवायची असते. आपण आणलेल्या रबराला ती असेल तर हे काम सर्वांत शेवटी करावे.

दोन-तीन दिवस गाडी वापरून रबर जागेवर बसू द्यावे आणि मग पुन्हा नळीची परीक्षा घ्यावी. या वेळी एखाद्या कोपऱ्यात ओल दिसली, तरच तेथे कडेखाली थोडा ब्युटाइल मसाला सोडावा. आणखी एक सूचना. आपली गाडी जुलै 2021 च्या पुरात बुडाली असेल तर मॅटिंगखालचा फेल्ट काढून तो फेकून द्यावा आणि पत्र्याच्या घड्यांतील गाळ धुऊन काढावा. तो राहिला तर वरून पाण्याचा थेंब न येताही गाडीच्या तळाचा पत्रा आतून सडत राहील.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपजातीच्या गाडीच्या दाराची काच वर-खाली करताना अडकते आणि खराब रस्त्यावर खडखडते. पावसात दाराच्या आतून पाण्याचा डुबुकडुबुक आवाज येतो. काचेलगतचे बाहेरचे रबर बदलले, तरी पाणी जाणे थांबत नाही.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण दोन निरनिराळी दुखणी एकत्र लिहिली आहेत. आधी पाण्याचे पाहू. दाराची काच ज्या फटीतून वर येते, त्या फटीचे बाहेरचे रबर काच पुसण्याचे काम करते. ते पाणी संपूर्ण अडवील अशी अपेक्षाच नसते. दाराची पोकळी आतून भिजणार हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते आणि आलेले पाणी बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाच्या कडेला भोके ठेवलेली असतात. ती धूळ, चिखल किंवा रंगकामातील मसाल्याने बुजली, की दाराचा डबा होतो. दार उघडून खालची कड चाचपावी, भोके सापडली की जाड तारेने किंवा बांबूच्या काडीने मोकळी करावीत. तुंबलेले गढूळ पाणी बाहेर येईल तेव्हा पायातले बूट जपावेत. पाणी कित्येक महिने साचलेले असल्यास तळाच्या घडीतील गंजही पाहून घ्यावा. त्याचप्रमाणे आतला पुठ्ठा किंवा रेक्झिनचा पॅनेल काढल्यास त्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला आढळला पाहिजे. दुरुस्तीच्या वेळी तो फाडून टाकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तो नसेल तर दारातील पाणी पॅनेलवरून थेट गाडीत येते. जाड प्लास्टिकचा नवा कागद कापून, त्याचे खालचे टोक दाराच्या पोकळीत सोडून, बाकीच्या कडा ब्युटाइल पट्टीने चिकटवाव्यात.

काच अडकण्याचे व खडखडण्याचे कारण बहुधा चौकटीतील चॅनेल रबर आहे. हे इंग्रजी ‘यू’ आकाराचे असून त्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखी लव असते. नाशिककडील कोरड्या धुळीने ती लव झिजते, उरलेल्या लवेत वाळू रुतते, काचेवर उभे ओरखडे उमटतात आणि काच सैल पडून खडखडते. यावर तेल सोडणे म्हणजे वाळूचा लगदा करणे होय. काच पूर्ण खाली घेऊन जुने चॅनेल उपसून काढावे, पत्र्याची खाच ब्रशने साफ करावी आणि नवे चॅनेल वरच्या कोपऱ्यांपासून बसवायला घेऊन दोन्ही बाजूंना खाली न्यावे. ते ताणून बसवू नये. ताणलेले रबर काही आठवड्यांत आक्रसते आणि कोपऱ्यावर फट पडते. काच चालताना थोडी जड वाटली तर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा.

आपण पुढे विचारले आहे की जुन्या बाजारातून चांगले निघालेले रबर घ्यावे का. दरवाजे, हँडल, काचा यांसाठी मुंबईत कुर्ल्याचा किंवा पुण्यातला जुना बाजार पालथा घालण्यात अर्थ आहे, रबरासाठी नाही. भंगारातल्या गाडीचे रबरही आपल्या गाडीइतकेच म्हातारे असते. पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात नवे रबर पाहताना ते दुमडून सोडावे: दुमडीवर पांढरी रेघ उमटली किंवा ते सरळ व्हायला वेळ लागला, तर दुकानात पडून राहिलेला किंवा हलका माल समजावा. मीटरवर मिळणारे चॅनेल घेताना जुन्या रबराचा हातभर तुकडा सोबत न्यावा आणि छेदाशी छेद लावून पाहावा. दुकानदाराच्या ‘हेच बसतं सगळ्यांना’ या आश्वासनावर विसंबू नये.

प्रश्न : चारही दारांचे बीडिंग (दाराभोवतीचे रबर) नवे केल्यापासून दारे आपटल्याशिवाय लागत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, कुलपाची खुंटी (चौकटीवरची, जिच्यात दाराचे कुलूप अडकते ती) बाहेर सरकवून देतो. सरकवू द्यावी का? तसेच पावसाळ्यापूर्वी गाडीला जळके ऑइल (इंजिनातून काढलेले वापरलेले तेल) मारून घेतो, त्याने रबराला काही होते का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : खुंटीला एवढ्यात हात लावू देऊ नये. नवे बीडिंग फुगीर असते आणि दबून आकार घेण्यास त्याला दोन-तीन आठवडे लागतात. आज खुंटी सरकवली तर महिन्याभराने दार सैल होईल आणि पाणी व वारा दोन्ही आत येतील. तूर्त एक काच दोन बोटे खाली ठेवून दार लावावे. आतल्या हवेला वाट मिळाली की निम्मा विरोध तेथेच संपतो. सोलापूरच्या उन्हात गाडी दारे बंद करून उभी ठेवल्यास बीडिंग लवकर दबते. महिन्यानंतर वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. अशी तपासणी दाराच्या सभोवार करावी. सगळीकडे ती सारख्या जोराने निघाली तर बीडिंग योग्य बसले आहे. एखाद्या जागी घट्ट अडकून फाटत असेल आणि दुसरीकडे आपसूक निघत असेल, तर दोष दाराच्या बिजागरीत आहे असे समजून आधी ती पाहावी. बीडिंगचा जोड दाराच्या वरच्या भागात आलेला असल्यास तो काढून तळाशी घ्यावा, कारण वरच्या जोडातून आलेले पाणी थेट बसणाऱ्याच्या खांद्यावर पडते.

जळके ऑइल गाडीच्या पोटाला मारण्याची रीत जुनी आहे, पण फवारणी करणारे मुलगे दारांच्या कडा आणि बिजागऱ्याही हौसेने न्हाऊ घालतात. बीडिंगला लागलेले तेल त्याच दिवशी साबणपाण्याने धुवावे. केरोसिन किंवा पेट्रोलचा बोळा त्यावर फिरवू नये. पोटाकडील सस्पेन्शनची रबरी बुशे आणि ब्रेकचे होज यांनाही या तेलाचा त्रास होतो, तेव्हा फवारणी पत्र्यापुरतीच करावी असे आधी सांगून मग गाडी रॅम्पवर चढवावी.