नवीन डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा विद्युत सिग्नल बनवणाऱ्या डब्यात) मला स्पष्ट फरक ऐकू येतो, पण मेजरमेंट म्हणतात जुना आणि नवा दोन्ही सारखेच. कानावर विश्वास ठेवू की आकड्यांवर? आणि डॅक ठेवू की परत करू?

तुम्हाला फरक जाणवला यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तो फरक डॅकमुळेच आला का यावर मात्र अजून नाही. तुम्ही लिहिलंय की जुना डॅक काढला, नवा जोडला, तेच गाणं लावलं आणि आवाज मोकळा झाला, बास भरला. पण त्या पाच मिनिटांत नुसता डॅक नाही बदलला हो, आवाजाची लेव्हल पण बदलली असणार, आणि आता कुठला डॅक चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं, शिवाय मधे वायरी काढण्या-घालण्यात जो वेळ गेला त्यात आधीच्या आवाजातले बारकावे डोक्यातून पुसले गेले, कारण आवाजाची तपशीलवार आठवण काही सेकंदच टिकते.

लेव्हलचं तर लोक फारच हलक्यात घेतात. एका डॅकचं आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचं २.२ व्होल्ट असेल (असं सर्रास असतं) तरी पाऊण डेसिबलपेक्षा जास्त फरक पडतो. आणि गंमत म्हणजे एवढा फरक ‘मोठा आवाज’ असा ऐकू येतच नाही, तो ‘जास्त क्लिअर’, ‘जास्त जीव आहे’ असाच वाटतो. त्यामुळे शोरूममध्ये जे मॉडेल खपवायचंय ते किंचित मोठ्याने वाजवलं की काम झालं.

दुसरं म्हणजे डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला होता, ऐकणारे स्पीकर बनवणाऱ्या हर्मन कंपनीचेच कर्मचारी, तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसतील असे वाजवले. दिसायला लागल्यावर मार्क बदलले, आणि मला त्याहून भारी वाटलेली गोष्ट ही की पडद्याआड असताना स्पीकरची जागा बदलली तर लोकांना जो फरक पटकन कळत होता तो स्पीकर दिसत असताना नीट कळेनासा झाला. म्हणजे माहिती असली की माणूस नसलेलं ऐकतो हे तर आहेच, पण असलेलं सुद्धा ऐकायचं सोडतो! म्हणून ‘माझे कान तयार आहेत, मला असं काही होत नाही’ असं कोणी छातीठोकपणे म्हटलं की मी विषय बदलतो.

आता तुमच्या घरी काय करता येईल ते सांगतो. दोन्ही डॅक ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) दोन इनपुटना जोडा, एकाच कॉम्प्युटरवरून दोन्हीकडे तेच गाणं जाऊ द्या. १०० हर्ट्झचा साइन टोन, म्हणजे एकाच सुराचा सलग आवाज, लावा (साधे मल्टिमीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्टेज चुकीचं दाखवतात), आवाज बेताचा ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा, टोके एकमेकांना चिकटू देऊ नका म्हणजे झालं. दोन्ही डॅकना ते ०.१ डेसिबलच्या आत जुळलं पाहिजे, म्हणजे एकावर १.०० व्होल्ट येत असेल तर दुसऱ्यावर १.०१ च्या पुढे नको. मोबाइलच्या साउंड मीटर ॲपने हे होत नाही, उगाच प्रयत्न करू नका. मग घरातल्या कोणाला तरी नाणं उडवून सिलेक्टर (ॲम्पचं इनपुट बदलायचं बटण) फिरवायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कारण नुसत्या ‘हं’ वरून पण कळतं. फिरवताना एका बाजूला वेगळा ‘टक’ आवाज येत असेल तर तेवढा वेळ आवाज बंद करून दोनदा फिरवायला सांगा. १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे काहीतरी खरंच ऐकू येतंय. ८-९ आले तर तो छापाकाटाच.

‘टेस्टचं टेन्शन येतं म्हणून फरक कळत नाही’ ही तक्रार मला अगदीच फालतू वाटत नाही. पण मग घाई कशाला करता, डॅक कापडाखाली झाका आणि रोज एकदाच ओळखा, महिनाभर लागला तरी चालेल. ब्लाइंड टेस्ट म्हणजे पण शेवटी कानाने ऐकणंच आहे ना, फक्त नाव आधी सांगत नाही एवढंच. आणि नापास झालात म्हणून ‘फरक नाहीच’ असं सिद्ध होत नाही, तुम्हाला त्या सेटअपमध्ये तो सापडला नाही इतकंच. तरी सांगतो, मेयर आणि मोरन यांनी २००७ साली हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाची १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची कडी घातली आणि ती कधी घातली हे लोकांना ओळखायला लावलं, तर ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. निम्मी पण नाहीत.

आता दुसऱ्या पार्टीबद्दल, कारण आकडेवाले पण कमी नाकाने कांदे सोलत नाहीत. एका डॅकचा नॉइज आणि डिस्टॉर्शन मिळून सिग्नलच्या ११० डेसिबल खाली आणि दुसऱ्याचा १२० खाली, म्हणून दुसरा ‘चांगला वाजतो’ म्हणणं हे नुसती वायर बदलून आवाजावरचा पडदा उठला म्हणण्याइतकंच हवेतलं आहे. दोन्ही ऐकू येण्याच्या पलीकडे आहेत. फरक पडतो तिथे तो मोजता पण येतो, उदाहरणार्थ ट्यूब ॲम्पचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचा) आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असेल तर स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे आवाजाचा तोलच बदलतो, किंवा सेन्सिटिव्ह इअरफोनमध्ये ॲम्पची हिस्स (बारीक ‘स्स्स’ असा आवाज) ऐकू येते.

स्पीकरमध्ये तर आकडे आणि कान यांचं भांडणच फारसं उरत नाही. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरच्या मोजमापांवरून, ब्लाइंड ऐकणारे किती मार्क देतील याचा अंदाज बांधला आणि तो खऱ्या मार्कांशी ०.८६ इतक्या कोरिलेशनने (१ म्हणजे तंतोतंत) जुळला. कुठला आलेख बघायचा हे आधी कानांनीच ठरवलं होतं, हे आकडेवाले विसरतात.

तुमच्या डॅकबद्दल म्हणाल तर परत करायची मुदत संपायच्या आत वरची टेस्ट करा. १२ आले तर ठेवा आणि मला पण सांगा, कारण मग त्या दोघांपैकी एकात काहीतरी गडबड आहे आणि कशात ते शोधायला मजा येईल. नाही आले आणि घेतला फक्त आवाजासाठी असेल तर परत करा. डिस्प्ले आवडला, रिमोट आवडला म्हणून ठेवलात तरी काही बिघडत नाही, ते पण कारणच आहे. आणि बास भरीव हवा असेल तर स्पीकर भिंतीपासून पुढे-मागे करून बघा, ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, तिथे बसायची जागा हातभर सरकवली तरी जो फरक पडतो तो ओळखायला पडदा लागत नाही.