डायरी रद्दीत गेली, आता पासवर्ड कुठं ठेवू?

प्रश्न: नमस्कार सर. मी खानापूरची, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, शाळेत शुद्ध बोलून बोलून कंटाळलो म्हणून आता आपल्या बेळगावी भाषेतच लिहितो, चालवून घ्या की. माझे सगळे पासवर्ड एका लाल डायरीत होते. बँक, एलआयसी, जीमेल, लाईटबिल, सेवा सिंधू (आपल्या कर्नाटक सरकारची अर्जांची साइट), आणि चंदगडकडं माहेरची थोडी जमीन आहे तर तिकडच्या डिजिटल सातबाऱ्याचं लॉगिन पण. दिवाळीच्या साफसफाईत डायरी रद्दीत गेली. पुण्याचा भाचा म्हणतोय मावशी, पासवर्ड मॅनेजर घे, म्हणजे सगळे पासवर्ड एकत्र सांभाळणारं ॲप. आता मला सांगा, सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात घालून जुडगं परक्याच्या हातात द्यायचं, मग डायरी काय वाईट होती? मला तर वाटतंय सगळीकडं एकच पासवर्ड ठेवावा, निदान लक्षात तरी राहतोय.
— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर

उत्तर: बाई, हे वाचून झालं की आधी जीमेलचा पासवर्ड बदला आणि मग बँकेचा. जीमेल आधी का, तर बाकी कुठंही 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवीन पासवर्डची लिंक बहुतेक करून मेलवरच येते, म्हणजे ज्याच्या हातात तुमचा मेल त्याच्या हातात निम्मं घर. डायरी रद्दीवाल्याकडं कुणी उघडून बघणार नाही हे मलाही माहीत आहे पण उगीच जिवाला घोर कशाला.

डायरीला मी वाईट म्हणणार नाही, आमच्या पेशातले लोक नाक मुरडतात ते मुरडू देत. कुठल्या तरी लांबच्या देशातला चोर काही तुमचं कपाट उघडायला खानापूरला येत नाही. डायरीची अडचण वेगळीच आहे. ती रद्दीत जाते, प्रवासात सोबत नसते, आणि हातानं लिहायचं म्हटलं की माणूस पासवर्ड सोपा आणि आखूड करतो.

पण ते 'सगळीकडं एकच' मात्र नको, तिथं मी स्वतः पोळलोय. माझा पासवर्ड म्हणजे गावाचं नाव, पुढं जन्मसाल आणि शेवटी तो ॲटचा गोल, सगळीकडं तोच. एका छोट्या ऑनलाइन दुकानातून मिक्सरचं भांडं मागवलं होतं, एकदाच, त्यांच्याकडनं गिऱ्हाइकांची यादी फुटली आणि काही महिन्यांनी एका रात्रीत माझ्या मेलवर, फेसबुकवर, सगळीकडं कुणीतरी लॉगिन करायला बघतंय असे मेसेजवर मेसेज. चोर एकेक अंदाज करत बसत नाहीत हो, फुटलेला ईमेल आणि पासवर्डची जोडी घेतात आणि मशीन लावून शेकडो साइटवर तीच चावी फिरवून बघतात. आपला मेल अशा कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का ते 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर फुकट बघता येतं, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसानं २०१३ साली ती काढली. भाच्याला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल.

आता जुडग्याचं. मॅनेजर म्हणजे एक तिजोरी, तिला एकच मास्टर पासवर्ड, तो तेवढा तुम्ही लक्षात ठेवायचा. आतले पासवर्ड तो स्वतःच तयार करतो, वीसवीस अक्षरांचे, डोळ्यानं बघून वाचताही येणार नाहीत असे, प्रत्येक साइटला वेगळा, आणि वेळ आली की भरतोही तोच. चांगल्या मॅनेजरमध्ये तिजोरीला कुलूप तुमच्या फोनवरच लागतं आणि कुलूपबंद तिजोरीच कंपनीकडं जाते, चावी जात नाही. म्हणून परक्याच्या हातात जुडगं दिलं असं होत नाही. तरी तुमची शंका खोटी नाही. २०२२ साली लास्टपास या मोठ्या मॅनेजर कंपनीकडनं गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. कुलूप शाबूत होतं, पण एकदा तिजोरी चोराच्या घरी गेली की तो निवांत बसून मास्टर पासवर्डचे अंदाज करणार, आणि ज्यांचा कच्चा त्यांची उघडणार. म्हणजे सगळी मदार त्या एका पासवर्डवर.

म्हणून तो नीट करा. घरातला जाडा शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच वेळा उघडा, बोट पडेल तो शब्द. समजा विहीर, पोपडा, नांगर, चुलता, गारठा असं आलं (हे छापून झालं, हे घेऊ नका). मनानं शब्द निवडले तर सगळेजण देव, पोरं आणि गावच निवडतात. हे इंग्रजी अक्षरात टाइप करायचं, आणि इथंच आपल्या मराठी माणसाचं फसतं. विहीर लिहिताना आय टाकला की डबल ई, गारठ्याला एक ए की दोन, आज एक उद्या दुसरंच. तेव्हा पहिल्याच दिवशी स्पेलिंग ठरवा, एका कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. हो, कागदावरच. कारण मास्टर पासवर्ड विसरला तर बऱ्याच मॅनेजरमध्ये कंपनीसुद्धा तिजोरी उघडून देऊ शकत नाही. कागद कुठं आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवा.

अजून एक फायदा आहे आणि मला विचाराल तर खरा हाच. 'बिल भरलेलं नाही, आज रात्री लाईट तोडणार' असले मेसेज तुम्हालाही आले असतील. लिंक दाबली की हुबेहूब खऱ्यासारखं पान, आपण घाबरून पासवर्ड टाकतो. मॅनेजर पानाचा रंगरूप बघत नाही, वरचा पत्ता बघतो, आणि पत्त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडं असलं तरी गप्प बसतो, काही भरत नाही. कधीकधी खऱ्या साइटवरही आडमुठेपणा करतो ते वेगळं, पण तो गप्प बसला की आपण हातानं भरायच्या आधी पत्ता बघायचा. आणि फसलातच तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

कुठला घेऊ म्हणाल तर बिटवॉर्डन. फुकटात चालतो, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं. तेवढा खटाटोप नको असेल तर अँड्रॉइडमध्ये गूगलचा आहेच, फक्त तो तुमच्या जीमेललाच बांधलेला, म्हणून जीमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर फोनवरही खात्री करून घेतं ते) आणि फोनला लॉक पाहिजेच. सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नका, डोकं फिरेल. पुढच्या वेळी जिथं लॉगिन कराल तिथला बदला, महिन्यादोन महिन्यांत आपोआप सगळे होतात.

प्रश्न: सर, निपाणीत माझं किराणा दुकान आहे. यूपीआयचा पिन पण त्या मॅनेजरमध्ये टाकून ठेवू का? आणि सरकारी अर्ज भरायला कॉम्प्युटर सेंटरमध्ये जावं लागतंय, तिथं तो उघडला तर चालतंय का?

उत्तर: पिन नको. चार नाहीतर सहा आकडे, दिवसातनं दहा वेळा बोटाखालनं जातात, ते डोक्यातच राहू देत. सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर तिजोरी अजिबात उघडायची नाही. फोनवर उघडा, त्या एका साइटचा पासवर्ड बघून स्वतः टाइप करा, बाजूच्या पोराला सांगू नका, ओळखीचा असला तरी. काम झालं की लॉगआउट, आणि 'पासवर्ड सेव्ह करू का' म्हणून विचारलं तर नको म्हणा. आमच्या गल्लीतल्या सेंटरवर मी एकदा ब्राउझर उघडला तर आधीच्या गिऱ्हाइकाचा मेल तसाच उघडा, मीच लॉगआउट करून आलो.