सार्डिनियात ऑटोइम्यून आजार इतके जास्त का? जनुकांमुळेच का?

बऱ्याच अंशी हो. ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे आजार. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा आजार) आणि टाइप १ मधुमेह, दोन्हींचं प्रमाण इटलीच्या या बेटावर जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. २०१७ साली बॅफ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल तिथल्या लोकांत सापडला. त्या बदलामुळे हे प्रथिन रक्तात जास्त उतरतं, बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात, अँटीबॉडीही वाढतात. मलेरियाशी झुंजताना हे बहुधा फायद्याचंच ठरलं असावं, कारण बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मलेरियाचं थैमान होतं. मलेरिया गेला, जनुक राहिलं. आता तीच जादा सज्जता मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांना ग्रासणारा ऑटोइम्यून आजार) यांचा धोका वाढवते.

पण सगळं खापर जनुकांवर फोडू नका. फिनलंड आणि शेजारचं रशियन करेलिया इथे धोक्याची एचएलए जनुकं (स्वतःच्या आणि परक्या पेशी ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणारी) जवळपास सारखीच, तरी मुलांमधला टाइप १ मधुमेह फिनलंडमध्ये सुमारे सहापट आढळला. म्हणजे राहणीमान आणि परिसराचाही मोठा हात आहे.

एक कळकळीने सांगतो: याच एचएलए जनुकांपैकी एचएलए-बी२७ हा प्रकार तपासणीत पॉझिटिव्ह आला म्हणून हबकून जाऊ नका. तो असलेल्या बहुतेकांना त्याच्याशी जोडलेला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा दाहक संधिवात) कधीच होत नाही. पाठ रोज सकाळी बराच वेळ आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर मात्र संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा.