सासरे नौदलात वैमानिक होते, घरात दोन ट्रंका भरून कागद आहेत. ते कसे लावावेत, काय जपावं, कुठे द्यावं?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांची सेवा साठच्या दशकात सुरू झाली, नाशिकला गंगापूर रोडच्या घरी पत्र्याच्या दोन ट्रंका आहेत आणि त्यात लॉगबुकं (उड्डाणांच्या नोंदवह्या), पत्रं, बदल्यांचे आदेश, अल्बम, पदकं असं सगळं एकत्र आहे. सासूबाई हयात आहेत. घरातले म्हणतात, सर्टिफिकिटं ठेवू, बाकी रद्दीत देऊ. माझं मत नेमकं उलट आहे. सर्टिफिकिटांची नोंद सरकारदरबारी कुठेतरी असतेच. पत्रं आणि लॉगबुक यांची दुसरी प्रत जगात नसते.

ट्रंकेला हात लावण्याआधी सासूबाईंच्या कामाचे कागद वेगळे काढा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), त्यानंतरच्या प्रत्येक वेतन आयोगाला आलेले दुरुस्तीचे पीपीओ, निवृत्तीचा आदेश, ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं), विवाहाची आणि जन्मतारखेची नोंद. हे इतिहासाचे कागद नाहीत, चालू कागद आहेत. त्यांची फाईल कपाटात हाताशी हवी. नौदलाची पेन्शन मुंबईच्या पीसीडीए (नेव्ही) या संरक्षण लेखा कार्यालयाकडून मंजूर होते आणि आता कारभार ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर चालतो. तिथे बहुतेक वेळा अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर: पीपीओवर एक, आधारवर दुसरं. जुना पीपीओ रद्दीत गेला असेल तर ही साधी दुरुस्तीही महिनोन्महिने लटकते. अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

मग ट्रंक. उघडली की वरून फोटो काढा. एक थर उचलला की पुन्हा फोटो. दोरीने बांधलेला गठ्ठा सोडण्याआधी त्यावर क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. सासऱ्यांनी कशासोबत काय ठेवलं होतं, ही स्वतःच एक माहिती असते. सगळी पत्रं एकीकडे, सगळे फोटो एकीकडे असे ढीग केले की ती कायमची जाते. बिनतारखेचा फोटो कोणत्या पाकिटात होता, एवढ्यावरूनही त्याचं साल ठरू शकतं.

कागदांचा कणा म्हणजे लॉगबुक. ते आधी नीट वाचा, बाकीचं आपोआप जागेवर बसतं. एका ओळीत तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक, सोबतचा कर्मचारी, ड्युटी, मग दिवसाचे आणि रात्रीचे तास. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि स्क्वॉड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) वरिष्ठाची सही. ड्युटीच्या रकान्यातली लघुरूपं पहिल्यांदा कोडी वाटतात: ‘जीएच’ म्हणजे विमान हाताळण्याचा सर्वसाधारण सराव, ‘आयएफ’ म्हणजे केवळ उपकरणांवर उड्डाण, ‘कॅसेक्स’ म्हणजे पाणबुडीविरोधी सराव, ‘एडीडीएल’ म्हणजे जमिनीवरच्या धावपट्टीलाच जहाजाचं डेक मानून केलेला उतरण्याचा सराव. प्रत्यक्ष डेक लँडिंगची मोजणी वेगळी ठेवलेली असते. नौदलातल्या वैमानिकाच्या दृष्टीने वहीतला सगळ्यात मोलाचा आकडा तोच.

इथे तीन चुका नेहमी होतात. एक, ‘१.३०’ म्हणजे दीड तास, एक पूर्णांक तीन दशांश नव्हे. एक्सेलमध्ये तसंच भरलं की बेरीज चुकते. तास आणि मिनिटं वेगळ्या रकान्यांत भरा. दोन, मागील पानावरून आणलेली बेरीज तपासा. एखाद्या वहीचं पहिलंच पान हजारभर तासांनी सुरू होत असेल तर आधीची वही कुठेतरी आहे. माळा, भावाचं घर, गावाकडचं कपाट शोधा. तीन, झेरॉक्स. रात्रीचं उड्डाण लाल शाईत लिहायची जुनी रीत आहे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल आणि निळं एकच होतं. स्कॅन रंगीतच करा.

विमानाच्या क्रमांकावरूनही बरंच कळतं. अलीझे (पाणबुडीविरोधी विमान) दोनशेच्या मालिकेत, सी किंग (हेलिकॉप्टर) पाचशेच्या, सी हॅरिअर (लढाऊ विमान) सहाशेच्या. स्क्वॉड्रन ३०० म्हणजे आधी सी हॉक ही लढाऊ विमानं आणि डिसेंबर १९८३ पासून सी हॅरिअर. ३१० म्हणजे अलीझे. ३३० म्हणजे सी किंग. ३२१ म्हणजे चेतक हेलिकॉप्टर. सुरुवातीची पानं हवाई दलाच्या तळांवरची दिसली तर गोंधळू नका, नौदलाच्या वैमानिकांचं प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण हवाई दलाकडेच होत आलं आहे.

ठिकाणांच्या बाबतीत सावध राहा. ‘आयएनएस’ दिसलं की घरचे लोक जहाज समजतात, पण नौदलाचे किनाऱ्यावरचे तळही आयएनएसच असतात. ‘गरुड’ म्हणजे कोचीचा तळ, ११ मे १९५३ पासूनचा. ‘हंस’ म्हटलं की सगळ्यांना गोव्याचं दाबोळी आठवतं, पण १९६१ मध्ये हा तळ कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाला आणि १९६४ मध्ये दाबोळीला हलला. म्हणजे १९६२ च्या पत्रावर ‘हंस’ असेल तर त्यासोबतच्या फोटोखाली ‘गोवा’ लिहू नका. मुंबईचा ‘कुंजाली २’ २००९ पासून ‘शिक्रा’ झाला. ‘विक्रांत’ही (विमानवाहू युद्धनौका) दोन आहेत: पहिली ४ मार्च १९६१ ते ३१ जानेवारी १९९७, दुसरी २ सप्टेंबर २०२२ पासून. ‘कॅप्टन’ या हुद्द्याचंही तेच. नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. देवळालीच्या शेजाऱ्यांच्या सवयीने त्याला लष्करातला कॅप्टन समजू नका.

आता पत्रं. तारीख नसते, पत्ता ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस’ (नौदलाचं टपाल कार्यालय) एवढाच, आत लिहिलेलं ‘काल रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो, आज झोप काढली’. अशा वेळी अंतर्देशीयावरचा टपालाचा शिक्का भिंगातून पाहा आणि लॉगबुकात त्या आठवड्यात रात्रीचं उड्डाण कोणत्या तारखेला आहे ते शोधा. दोन्ही जुळलं की पत्राला तारीख मिळते आणि वहीतल्या रुक्ष ओळीला माणूस मिळतो. मात्र ही तारीख पत्रावर लिहू नका. वेगळ्या यादीत लिहा आणि पुढे ‘अंदाजे, लॉगबुकावरून’ अशी नोंद करा.

पदकांची तपासणीही लॉगबुकाशीच. १९७१ च्या युद्धासाठी ‘पूर्वी स्टार’ पूर्व आघाडीचा, ‘पश्चिमी स्टार’ पश्चिमेचा. डिसेंबर १९७१ मध्ये पहिली विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या परिसरात हल्ले केले. तेव्हा सासरे तिच्यावर असतील तर पूर्वी स्टार अपेक्षित आहे. गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ते वाचा, कारण घरोघरी पदकं अदलाबदल झालेली असतात. ब्रासो लावू नका. चमक येते, पण कोरलेली अक्षरं झिजतात.

नाशिकच्या हवेचं गणित सोपं आहे. जून ते सप्टेंबर ट्रंक उघडून काम करू नका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची कोरडी थंडी उत्तम. पत्र्याची ट्रंक आतून गंजते आणि पावसाळ्यात तिच्यात दमट हवा कोंडते. कागद जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांत हलवून लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. छोटं आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के चांगलं, ६५ च्या वर बुरशीची तयारी सुरू. मेन रोडवर ‘ॲसिड-फ्री’ कागद मागितला तर दुकानदार बहुधा बटर पेपर देईल, तो घेऊ नका. ॲसिड-फ्री कागद आणि पॉलिस्टरची पाकिटं ऑनलाइन मागवा, पीव्हीसीची नकोत. डांबरगोळ्या नकोत, फोटोला आणि प्लॅस्टिकला त्या घातक. कडुनिंबाचा पाला ओला राहिला तर तोच बुरशी आणतो. कसर आणि झुरळांवर खरा उपाय म्हणजे कोरडेपणा आणि दर दोन महिन्यांनी कपाट उघडून पाहणं. वाळवीची माती दिसली तर कागद आधी बाहेर काढा, फवारणी नंतर. औषध कागदावर पडता कामा नये.

टाचण्या आणि स्टेपल गंजलेल्या असतात. स्टेपलचे पाय मागून पातळ पट्टीने उघडा, मग काढा. ओढली की कागद फाटतो. सेलोटेप अजिबात नको. आणि लॅमिनेशन! आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की आधी लॅमिनेशनला पळतात. उष्णता आणि गोंद कागदात कायमचे बसतात, मग तज्ज्ञालाही तो सहजी सोडवता येत नाही. चिकट पानांचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले अल्बम असतील तर आधी पान जसंच्या तसं स्कॅन करा, मग फोटोखालून मेण नसलेला डेंटल फ्लॉस करवतीसारखा सरकवा. नाही सुटला तर सोडून द्या. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन पुढे उमटतं. व्हिनेगरचा वास येणारी फिल्म बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

स्कॅन: कागद ३०० ते ४०० डीपीआय, फोटो ६००, स्लाइड आणि निगेटिव्ह २४०० च्या पुढे. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायला जेपीजी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात.

एका गोष्टीत हयगय नको. विमानाची नियमपुस्तकं, रेडिओच्या वारंवारता लिहिलेल्या, उड्डाणात मांडीवर ठेवायच्या वह्या, कारवाईचे नकाशे, ‘सिक्रेट’ किंवा ‘कॉन्फिडेन्शियल’ शिक्क्याचे कागद निघाले तर स्कॅन करू नका आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. पन्नास वर्षं जुना आहे म्हणून कागद आपोआप खुला होत नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लागू आहे. वेगळ्या पाकिटात सील करा, यादीत फक्त संख्या लिहा आणि मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडला लेखी कळवून सूचना मागा.

सेवेतले रिकामे काळ भरायचे असतील तर अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीच्या नौदल मुख्यालयात असतात. अनेक जण मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहितात. ते खलाशांसाठी आहे. अर्जासोबत सेवा क्रमांक शेवटच्या अक्षरासह, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा.

देण्याच्या बाबतीत नाशिककरांचा एक मोह असतो: नाशिकच्या गांधीनगरला विमानतळ आहे, ओझरला एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) आहे, तिथेच देऊ. गांधीनगरची वैमानिक प्रशिक्षण शाळा लष्कराच्या विमानदलाची आणि ओझरचा कारखाना १९६४ पासून मिग आणि पुढे सुखोईचा. नौदलाशी दोन्हींचा संबंध नाही. विमान, गणवेश, हेल्मेट अशा वस्तूंसाठी गोव्यात बोगमाळोजवळचं नौदल विमान संग्रहालय योग्य. कागदांसाठी मुंबईची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या पुढाकाराने ती १९७८ मध्ये उभी राहिली. संग्रह मोठा असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी कागदपत्रंही स्वीकारतं. माझा कल सगळं एकाच ठिकाणी देण्याकडे आहे. लॉगबुक एका गावी आणि पत्रं दुसऱ्या गावी गेली की दोन्ही अर्धी होतात.

देताना सगळ्या वारसांच्या सह्यांचं दानपत्र करा. त्यात क्रमांकवार यादी, कोणती पत्रं किती वर्षं बंद ठेवायची, स्कॅनच्या प्रती तुमच्याकडे राहतील हे कलम आणि नको असलेला भाग परत मिळेल की नाही, एवढं स्पष्ट हवं. मित्रांनी सासऱ्यांना लिहिलेल्या पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. छापायचं असेल तर त्यांना विचारा. सासूबाईंना लिहिलेली पत्रं मात्र त्यांनी स्वतः वाचून ‘हो’ म्हटल्याशिवाय यादीतही घेऊ नका.