देवावर विश्वास ठेवला, त्याच्या आज्ञा पाळल्या तर रोजच्या गरजा खरंच भागतात का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी जाऊन पाच महिने झाले, रोज प्रार्थना करताय, चर्चला जाताय, तरी महिन्याची २० तारीख आली की किराणा संपतो. मी यातून गेलेय म्हणून लिहितेय.

नगरला माझी मेस होती, २८ मुलं जेवायची. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, दोन दिवसांत सगळी गावाला गेली, निम्म्यांचे पैसे राहिले ते राहिलेच. मिस्टरांची स्कूल व्हॅन बंद. घरात होतं काय तर आदल्याच आठवड्यात दळून आणलेलं ३० किलो गव्हाचं पीठ. ते मी कॉटखाली सरकवलं आणि वर चादर सोडली. मागच्या बांधकामावरची बाई दोन वाटी पीठ मागायला आली तर तिला सरळ सांगितलं, नाहीये. आणि रात्री त्याच कॉटवर बसून म्हणायचे, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.

एप्रिलमध्ये एक दिवस डबा उघडला तर पिठात जाळ्या, चाळणीत अळ्या वळवळतायत. मी तिथेच खाली बसले. बायबलमधली मान्न्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, रानात देव इस्राएली लोकांना रोज द्यायचा ते अन्न म्हणजे मान्ना, माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवायचा नाही, ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. लहानपणापासून संडे स्कूलला ऐकलेली गोष्ट, माझ्याच घरात झाली. वरचं सगळं टाकलं, खालचं चांगलं निघालं ते दोनदा चाळून उन्हात घातलं आणि बांधकामावरच्या १४ माणसांच्या आणि आमच्या चपात्या रोज एकत्रच लाटायला लागले. ती बाई काही बोलली नाही, पोळपाट घेऊन बसली माझ्या शेजारी.

आठवड्यात पीठ संपलं. मग रेशन. आमचं कार्ड प्राधान्याचं, पण मेस सुरू झाल्यापासून मी दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं, लोकं काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी गेले, चुन्याच्या गोलात तीन तास उभी राहिले. माणशी ५ किलो तांदूळ फुकट, आम्ही चौघं, २० किलो.

हे दादाला सांगितलं तर म्हणाला, तो सरकारनी दिला, तुझ्या देवानी नाही. आजही प्रत्येक ख्रिसमसला हेच ऐकवतो. मला हे पटत नाही. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकर आणली म्हणून ती कावळ्यांची झाली का? आणि विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं हे कोणी सांगितलं? पंडिता रमाबाईंचं केडगावचं निराधार बायकांसाठीचं काम बघा, बॉस्टनच्या संस्थेने १० वर्षं मदत कबूल केली होती, १८९८ ला ती मुदत संपली, आणि दुष्काळातल्या शेकडो पोरी-बायका पदरात. बाईंनी प्रार्थनाही केली आणि त्याच बायकांना घेऊन शेती, विहिरी, विणकामही चालवलं. दोन्ही एकाच श्वासात.

म्हणून तुम्हाला माझं स्पष्ट मत, गरजा भागतात, पण आजच्या आजच, आणि बहुतेक वेळा अशा दारातून जिथे जायची आपल्याला लाज वाटते. आज्ञा पाळणं म्हणजे ते दार ठोठावणं. चर्चच्या मंडळीतल्या कोणाला सांगितलंय का तुम्ही नोकरी गेल्याचं? की रविवारी इस्त्रीचे कपडे घालून सगळं ठीक म्हणताय?

आणि कोणी पाळक, म्हणजे पास्टर, म्हणाला की आधी एवढे पैसे पेरा मग दसपट येतील, तर तिथून उठून या. आमच्याकडे एकाने हेच सांगून माझ्या जावेचं मंगळसूत्र मोडायला लावलं होतं.

हां, हे राहिलंच, कर्जाचे हप्ते असतील तर बँकेत आधी जाऊन बोला, त्यासाठी थांबू नका. आणि माझं भागलं म्हणून सगळ्यांचं तसंच आणि तेवढ्याच दिवसांत भागेल असं मी म्हणणार नाही, त्या एप्रिलमध्ये आमच्याच रस्त्याने उपाशी चालत गेलेली माणसं मी पाहिलीत.

पण दादा, तू हे वाचत असशील तर, तांदूळ सरकारचा होता, मान्य. मला त्या रांगेत कोणी उभं केलं ते सांग.