खाडीकाठच्या जमिनीसाठी कायमचा निधी

प्रश्न : २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेल्या ठाणे खाडीलगतची पाणथळ जमीन राखण्यासाठी दरवर्षी खात्रीचा सरकारी पैसा मिळू शकेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : मिळू शकेल, परंतु आजचा एक मोठा स्रोतच अडचणीचा आहे. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्यानुसार वनजमीन बिगर-वन कामासाठी वळवताना प्रकल्पाने भरलेल्या रकमेचा ९० टक्के वाटा राज्याला मिळतो. म्हणजे जंगल जाते तेव्हाच पैसा येतो, आणि हे मला फार अस्वस्थ करते. त्यापेक्षा कायम ठेव उभारून केवळ व्याज खर्च करणे सुरक्षित ठरेल. १९७५ च्या राज्य कायद्याने शहरांत वृक्ष उपकर आकारता येतो. त्याच धर्तीवर पाणथळ उपकर, तोही स्वतंत्र खात्यात, यावा असा आग्रह आपल्या आमदारांकडे जरूर धरावा.