मुकुटाखालचा उलटा एन

प्रश्न : सुभेदार साहेब, रामराम. आमच्या माळ्यावर पणजोबांची रायफल आहे. ते मराठा पलटणीत होते, वझिरिस्तानातून त्यांनी ती आणली असं घरात सांगतात. दर खंडेनवमीला आम्ही तिला खोबरेल लावून पूजतो. खालची कडी ओढली की ठोकळा खाली जायचा, हल्ली ती अडकते. उजवीकडे मुकुट, व्ही. आर., एनफिल्ड आणि १९०८ असं कोरलंय; फोटो पाठवतोय. मुंबईचा एक जण दोन लाख द्यायला तयार आहे. किंमत बरोबर आहे का? आणि यंदा दसऱ्याला एक बार काढला तर चालेल का?
– एक वाचक, कोरेगाव तालुका

उत्तर : रामराम. आधी बाराचं बोलू. बार काढायचा नाही. बायकोने, भावाने, गावाने कितीही आग्रह केला तरी नाही.

तुमची बंदूक मार्टिनी-हेन्री घाटाची आहे. १८७१ साली इंग्रजांनी ही फौजेत घेतली. एका वेळी एकच काडतूस, ८५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) काळी दारू, ४८० ग्रेनची शिशाची गोळी. हिला बाहेर, मागे ओढून ताणायचा घोडा नसतो. कडी खाली ओढून वर नेली की आतला, काडतुसावर आपटणारा पिन आपोआप ताणला जातो, त्यामुळे नुसतं बघून ती ताणलेली आहे की नाही हे नवख्याला समजत नाही. शिवाय तुमची कडी अडकलेली. मला वाटतं, त्यात खोबरेलाचाच हात आहे. थंडीत थिजतं, उरलेलं वर्षानुवर्षं चिकट होत जातं. पण आत काय आहे हे दिसत नाही तोवर बंदूक भरलेलीच समजा. जोर लावू नका, नळीत डोकावू नका. “रिकामी आहे साहेब” असं सांगून आणलेल्या बंदुकीतून काडतूस निघालेलं मी वर्कशॉपमध्ये स्वतः पाहिलंय.

आता शिक्का. फोटो मोठा करून पाहिला. एनफिल्डमधलं दुसरं अक्षर, एन, आरशात दिसावं तसं उलटं आहे. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. १९०८ च्या बंदुकीवर तिचं नाव एनफिल्डचा कारखाना कशाला मारेल? ही वायव्य सरहद्दीवरच्या, म्हणजे वझिरिस्तानाकडच्या कारागिरांची नक्कल आहे. इंग्रजी न येणारा माणूस समोरचा शिक्का बघून अक्षरं कोरतो, तेव्हा अशी चूक होते. अशा नळीचं पोलाद कसलं, ते कसं तापवलं, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून बार नाही.

वाईट वाटून घेऊ नका. शिक्का खरा असता तर मला तुमच्या घरच्या गोष्टीवर शंका आली असती. पलटणीची एक रायफल कमी पडली तर कोर्टमार्शल. ती कोणी शिपाई ट्रंकेत घालून साताऱ्याला आणत नाही. सरहद्दीवरची नक्कल मात्र हाती लागू शकते. उलटा एन तुमच्या पणजोबांच्या बाजूने साक्ष देतो.

किमतीचं सांगतो. परदेशात अशा नकला गंमत म्हणून घेणारे आहेत, पण अस्सलपेक्षा बऱ्याच कमी भावात. अस्सलही फार दुर्मिळ राहिली नाही, काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून हजारोंनी बाहेर गेली. आणि तुमचा कोणी भाचा अमेरिकेत असेल तर त्याला पाठवायचा विचारही नको. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. दोन लाख सांगणाऱ्याने परवाना विचारला का? नसेल विचारला, तर त्याचा फोन उचलू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशांनाच. पिन काढून ठेवला की झालं, असं नाही. पिन परत बसतो. पणजोबांच्या, आजोबांच्या कागदांत परवाना शोधा. मिळो न मिळो, वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या आणि बंदूक जमा कशी करायची ते विचारा. बंदूक घरीच ठेवून जा. एस.टी.त कांबळ्यात गुंडाळून नेणारा एक जण मला माहीत आहे. तपासणी पोलिसांच्या आर्मररकडून, म्हणजे हत्यारं सांभाळणाऱ्या कारागिराकडून होऊ दे.

तोवर पॉलिश पेपर लावायचा नाही, चिंच नाही, खोबरेलही नाही. काळपट रंग तसाच राहू दे. परवाना सापडलाच तर त्यातला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळतो का, तेवढं कळवा.